लूक हवाच, पण हिशेबात!

सेकंडहँड स्विफ्ट दारात आली आणि माझ्या रूममेटचं स्वप्न सुरू झालं. सतरा इंची अलॉय आणि जमिनीला टेकलेली गाडी! मी त्याच्यापुढे कॅल्क्युलेटर सरकवला.

मंडळी, टायरवरचा आकडा आधी वाचा. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉल त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. चाकाचा व्यास साधारण ६२१ मिमी. आता १९५/५५ आर १६ चा काढा. तोही ६२१! रिम मोठी, पण स्पीडोमीटर बिघडत नाही. फंडा हाच. शिवाय पीसीडी, ऑफसेट आणि लोड इंडेक्स जुळलेच पाहिजेत, ऑफसेट चुकला तर टायर फेंडरला घासू शकतो.

सतरा इंचीला २०५/४५ घेतला, तर साइडवॉल १२० वरून ९२ मिमीवर येते. मग खड्ड्याचा दणका थेट रिमला!

आणि लोअरिंग? २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. चाळीसने उतरवली की उरतात १२३, तेही रिकाम्या गाडीचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर १०० मिमीचा. आपल्या गल्लीतला कुणी मापलाय? स्वस्तात कॉइल कापून घेणं तर नकोच, स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

शिवाय सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केलाय: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. अपघातानंतर क्लेमचा वाद नको असेल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

रूममेटने शेवटी सोळा इंची अलॉय आणि चांगले टायर घेतले. सस्पेन्शनला हात लावला नाही. ब्रेक मारल्यावर रस्ता धरतो तो टायर, लूक नव्हे!