मैदानावरचा सल्ला : कुत्रा पाळणाऱ्यांच्या गप्पा आणि विज्ञान

सकाळी साडेसहाच्या सुमारास शहरातल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर गेलात, तर हातात पट्टा धरून उभी असलेली चार-सहा माणसे हमखास दिसतात. त्यांना एकमेकांची नावे पुष्कळदा ठाऊकही नसतात. 'टायगरचे बाबा', 'राणीची आई' एवढी ओळख त्यांना पुरते. गप्पांचे विषय ठरलेले असतात : गोचीड, जुलाब, लशीची तारीख, दिवाळीतले फटाके, गावाला जाताना कुत्र्याला कोणाकडे ठेवायचे. एकाच्या कुत्र्याच्या पायाला लागले की दुसरा रिक्षा शोधतो, तिसरा डॉक्टरांचा पत्ता सांगतो. आणि बोलता बोलता एक वाक्य कानावर पडतेच : "काका, काळजी करू नका. आमच्या मोत्यालाही असंच झालं होतं. आम्ही अमुक दिलं आणि दोन दिवसांत ठणठणीत झाला."

या वाक्यात धीर आहे, अनुभव आहे आणि सल्लाही आहे. या तिन्ही गोष्टींची किंमत सारखी नाही. धीर घ्यावा, अनुभव ऐकावा, पण सल्ला पारखून घ्यावा, असे आम्हाला वाटते. ही पारख कशी करायची, हे या लेखात पाहू या. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनाही याचा उपयोग होईल, कारण असे सल्ले माणसांच्या आजारांबाबतही रोज दिले-घेतले जातात.

कुत्रा माणसांना बोलते करतो

कुत्र्यामुळे ओळखी वाढतात हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. पण ते प्रयोगाने तपासता येईल का? इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील जून मॅक्निकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी ते तपासले. त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. एकाच व्यक्तीने आपल्या नेहमीच्या दैनंदिन वाटांवर काही दिवस कुत्र्यासह आणि काही दिवस कुत्र्याविना फिरायचे आणि किती जण बोलतात ते मोजायचे, अशी योजना होती. कुत्रा मुद्दाम शिकवलेला घेतला होता. तो स्वतःहून कोणाकडे जात नसे किंवा कोणाचे लक्ष वेधून घेत नसे. तरीही कुत्रा बरोबर असताना बोलणाऱ्यांची संख्या खूपच वाढली, विशेषतः अनोळखी माणसांची. दुसऱ्या प्रयोगात फिरणाऱ्या माणसाने कधी नीटनेटके, तर कधी गबाळे कपडे घातले. कपड्यांचा परिणाम झाला, पण कुत्रा असण्या-नसण्याचा परिणाम त्याहून मोठा होता.

या प्रयोगात माणूस तोच आणि वाटा त्याच ठेवून एकच गोष्ट बदलली होती, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. मैदानावरच्या अनुभवात नेमके हेच नसते. तिथे दहा गोष्टी एकदम बदलत असतात आणि श्रेय मात्र त्यांतल्या एकीला दिले जाते.

आजारी कुत्र्यासाठी धडपडणे हेही आजचे नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक पुरातन दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याची हाडे. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कुत्र्याच्या दातांवरील खुणांवरून असे अनुमान काढण्यात आले, की तो पिलू असताना डिस्टेंपरसारख्या गंभीर आजाराने कित्येक आठवडे ग्रस्त होता. कोणी ऊब दिल्याशिवाय, स्वच्छ ठेवल्याशिवाय, खाऊपिऊ घातल्याशिवाय तो तेवढे दिवस जगला नसता. आजारी पिलाचा त्या लोकांना शिकारीसाठी काहीच उपयोग नव्हता. तरीही त्यांनी त्याची शुश्रूषा केली.

निरीक्षण, अर्थ आणि उपाय

गप्पांत येणारी विधाने साधारणपणे तीन प्रकारची असतात. "काल रात्रीपासून तो पाणीसुद्धा पीत नाही" हे निरीक्षण. "म्हणजे तो रुसलाय" हा त्याचा लावलेला अर्थ. "त्याला तूप-भात द्या" हा उपाय. बोलताना तिन्ही एका दमात येतात. ऐकताना ती वेगळी करावीत.

निरीक्षण ही पाळणाऱ्याची सर्वांत मोलाची गोष्ट. पशुवैद्य कुत्र्याला दहा मिनिटे पाहतो, घरचा माणूस दिवसभर पाहतो. मात्र शक्य तिथे निरीक्षणाला मोजमापाची जोड हवी. 'नाक गरम आणि कोरडे, म्हणजे ताप' असे सर्रास म्हटले जाते. नाकाचा ओलावा आणि तापमान झोप, ऊन, हवेतील दमटपणा यांप्रमाणे बदलते, त्यामुळे त्यावरून तापाचे निदान होत नाही. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. म्हणूनच आपल्या हाताला निरोगी कुत्राही कोमट लागतो. ताप पाहायचा तर गुदद्वारात तापमापक ठेवूनच पाहावा लागतो. ते कसे करायचे हे पशुवैद्याकडून एकदा शिकून घ्यावे. किती उलट्या झाल्या, वजन किती घटले, शेवटचे कधी खाल्ले, हे आकडे डॉक्टरांना 'जरा मलूल दिसतो' यापेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

अर्थ लावताना मात्र आपण सहज फसतो. "चप्पल फाडली की मान खाली घालून बसतो. त्याला आपली चूक बरोब्बर कळते." हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ दाखवून 'खायचा नाही' असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मग प्रयोगकर्तीने कधी तो खाऊ कुत्र्याला खाऊ द्यायचा, कधी नुसताच काढून घ्यायचा. परत आलेल्या मालकाला कधी खरी, तर कधी खोटी माहिती द्यायची. कुत्र्याने खाल्ले असे वाटले तर मालक रागावणार. यातून काय दिसले? पडलेले कान, चुकवलेली नजर, खाली गेलेली मान ही 'अपराधी' लक्षणे कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हती. ती मालक रागावला की नाही यावर अवलंबून होती. इतकेच नव्हे, तर काहीही न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत ती सर्वांत ठळक होती.

या प्रयोगावरून कुत्र्याला अपराधाची भावना नसतेच असे सिद्ध होत नाही. 'तो चेहरा म्हणजे कबुली' हे विधान मात्र टिकत नाही. दुपारी फाटलेल्या चपलेसाठी संध्याकाळी मार खाणारा कुत्रा त्यातून काय शिकत असेल, याचा विचार प्रत्येक मालकाने करावा.

'आम्ही दिले आणि बरा झाला'

उपायांकडे वळू. कुत्र्याचे साधे पोट बिघडले तर ते बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप ताळ्यावर येते. मालक घरगुती उपाय करतो तो त्रास सर्वांत जास्त असताना. त्यानंतर उतार पडतो आणि श्रेय शेवटी दिलेल्या वस्तूला जाते. काही न देता बरे झालेले कुत्रे तिथेच उड्या मारत असतात, पण 'आम्ही काहीच दिले नाही' ही गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही.

दुसरी फसगत अधिक गंभीर आहे. "आम्ही पिलाला एकच लस दिली, पुढच्या दिल्याच नाहीत. तरी काही झालं नाही." हे मैदानावर सांगू शकतो तो ज्याचे पिलू वाचले तो. ज्याचे दगावले तो मैदानावर यायचाच थांबतो. म्हणजे आपल्या कानावर येणारे अनुभव आधीच चाळून आलेले असतात.

पार्व्हो या विषाणूचे उदाहरण घ्या. १९७८ च्या सुमारास हा आजार जगभर पसरला. लस न मिळालेल्या पिलांना आजही तो मारतो. रक्ताचे जुलाब आणि उलट्या यांमुळे पिलाच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. लशीचे डोस पुन्हा पुन्हा का देतात? आईच्या पहिल्या दुधातून पिलाला प्रतिपिंडे मिळतात. ती रोगापासून संरक्षण देतात, पण लशीलाही निष्प्रभ करतात. ही प्रतिपिंडे कोणत्या पिलात कधी ओसरतील ते सांगता येत नाही : काहींत सहा-आठ आठवड्यांत, काहींत सोळा आठवड्यांच्या आसपास. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देतात आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात. 'एका लशीत भागले' हे त्या पिलाचे नशीब होते. तो नियम नव्हे.

खाऊ आणि गोळ्या

"आमचा बंड्या रोज चॉकलेटचा तुकडा खातो." खात असेलही. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य माणसाच्या शरीरातून काही तासांत बरेचसे निघून जाते. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते निम्मे व्हायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. शिवाय दुधाळ चॉकलेटपेक्षा गडद चॉकलेटमध्ये ते कितीतरी जास्त असते. तीस किलोच्या कुत्र्याला दुधाळ चॉकलेटचा जो तुकडा पचला, तेवढाच गडद चॉकलेटचा तुकडा तीन किलोच्या पॉमेरेनियनला घातक ठरू शकतो. विषाचा परिणाम मात्रा आणि वजन यांच्या प्रमाणावर ठरतो, हे गणित अशा फुशारकीत हरवते.

कांदा आणि लसूण, शिजवलेले असले तरी, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरवते. माणसांच्या ताप-वेदनेच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, आपल्या मनाने कुत्र्याला कधीच देऊ नयेत. गोचिडांवर रॉकेल चोळण्याचा जुना उपायही टाळावा. त्याने कातडी भाजते आणि ते चाटल्याने विषबाधा होते.

जिथे सल्ला नकोच

एका विषयात गप्पांतल्या सल्ल्याला मुळीच जागा नाही. तो विषय म्हणजे रेबीज. "घरचंच कुत्रं आहे, लस दिलेली आहे, नुसता दात लागलाय, हळद-मिरची भरा" हे बोलणे जिवावर बेतू शकते. रेबीजचे विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरही पुरतो. लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावतो. म्हणून जे करायचे ते त्याआधीच करायला हवे.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबणाने ते फुटते आणि विषाणू निकामी होतो. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असेल तर प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही लागते. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात हे खरे, पण ते दहा दिवस लस न घेता थांबण्यासाठी नसतात. लस सुरू करायची आणि नजरही ठेवायची.

पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून अनेक घरांत आहे. ती जुनी लस भारतात २००४ मध्ये बंद झाली. आता दंडात, चार किंवा पाच वेळा लस घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. इंजेक्शनाच्या आणि बोलणी खाण्याच्या भीतीने मूल चावा लपवते. 'चावले तर मी रागावणार नाही, पण लगेच सांगा' हे वाक्य शिक्षकांनी वर्गात स्पष्टपणे म्हणून ठेवावे.

मग गप्पा कशाला?

कारण औषधाने न भागणाऱ्या गोष्टी त्यांतून मिळतात. मध्यरात्री दवाखान्यात सोबत येणारे कोणी, आठ दिवस कुत्र्याला सांभाळणारे घर, "आज तुमचा टायगर लंगडतोय" हे मालकाच्या आधी टिपणारी नजर. कुत्र्याचे आयुष्य बहुधा दहा-तेरा वर्षांचे असते, त्यामुळे प्रत्येक मालकावर कधीतरी त्याला निरोप द्यायची वेळ येते. 'एवढ्या कुत्र्यासाठी काय रडायचं' असे इतर म्हणत असताना मैदानावरची मंडळी तसे म्हणत नाहीत. हा आधार खरा आहे. त्याला पुराव्याची गाळणी लावायची गरज नाही. ती फक्त सल्ल्याला लावायची.

वर्गात करून पाहा

१. कुत्रा पाळणाऱ्या तीन घरांतून दहा विधाने गोळा करा. प्रत्येक विधान निरीक्षण, अर्थ की उपाय ते ठरवा.

२. 'कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात' हे सूत्र तपासा. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणांवरून २०२० साली वेगळे सूत्र मांडले : कुत्र्याच्या वयाच्या नैसर्गिक लघुगणकाला १६ ने गुणून ३१ मिळवा. १, २, ४ आणि ८ वर्षांसाठी उत्तरे साधारण ३१, ४२, ५३ आणि ६४ येतात. वय दुप्पट झाले की दर वेळी ११ वर्षेच का वाढतात? दोन्ही सूत्रांचे आलेख एकाच कागदावर काढा. इतर जातींना हे सूत्र जसेच्या तसे लागू होईल का, यावर चर्चा करा.

३. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखणे अवघड जाते. हिरवळीवर लाल आणि निळा चेंडू टाकून ओळखीच्या कुत्र्याला कोणता लवकर सापडतो ते दहा-दहा वेळा पाहा. निष्कर्ष काढण्यापूर्वी चेंडूंचा आकार, वास आणि अंतर सारखे होते का ते तपासा.

४. गोळा केलेल्या प्रत्येक उपायापुढे एक प्रश्न लिहा : हे चुकीचे असेल, तर ते कशावरून कळेल? ज्यांचे उत्तर सापडत नाही ती विधाने घेऊन जवळच्या पशुवैद्यांना वर्गात बोलवा.