कॅडवर ‘मेमरी संपली’ असा मेसेज येतोय? रॅम विकत घेण्याआधी लॅपटॉपच्या या सेटिंग बघा

आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करणारी पोरं असोत, की तालुक्याच्या गावी घराचे प्लॅन काढून देणारे असोत, अनेकांचं ऑटोकॅड जुन्या किंवा सेकंडहँड लॅपटॉपवरच चालतं. प्लॅन अर्ध्यावर येतो आणि मेमरी संपल्याचा मेसेज झळकतो. सॉफ्टवेअर बंद, सकाळपासूनचं काम गेलं. मग कुणीतरी सांगतं, रॅम वाढवा नाहीतर नवीनच घ्या. घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते. पण बऱ्याचदा अडचण रॅमची नसतेच, सेटिंगमध्ये घातलेल्या मर्यादेची असते.

आधी ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावं. ‘सिस्टिम टाइप’समोर ३२ बिट लिहिलं असेल, तर ८ जीबी रॅम टाकूनही उपयोग नाही. असं विंडोज एकूण ४ जीबीच्या आतच वापरतं, आणि एका सॉफ्टवेअरला एरवी २ जीबीच देतं. ही हद्द कमांड देऊन ३ जीबीपर्यंत नेता येते, पण ती जागा विंडोजच्याच वाट्यातून जाते आणि मशीन अडखळू शकतं. प्रोसेसर चालत असेल तर ६४ बिट विंडोज टाकणंच बरं. ऑटोकॅड २०२० पासून पुढची आवृत्ती तर ३२ बिटवर चालतच नाही.

६४ बिट असूनही रॅमपुढे ‘युजेबल’चा आकडा बराच कमी दिसतो का? मग ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘बूट’ आणि तिथून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जावं. ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक असेल तर काढावी. व्हिडिओ बघून ‘स्पीड वाढवायला’ केलेली ही टिक उलट रॅम कमी करते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्हर्च्युअल मेमरीत. रॅम भरली की विंडोज डिस्कवरची ‘पेजिंग फाइल’ वापरतं. कॅड, ब्राउझर, सगळ्यांना मिळून जी मेमरी मिळते ती म्हणजे रॅम अधिक ही फाइल. कुणी ‘नो पेजिंग फाइल’ करून ठेवलं असेल, तर ४ जीबीच्या मशीनवर हिशोब ४ जीबीतच संपतो. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, मग ‘परफॉर्मन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘व्हर्च्युअल मेमरी’ असं जाऊन ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ चालू करावं आणि मशीन रीस्टार्ट करावं. सी ड्राइव्ह मात्र मोकळा हवा. तो लग्नाच्या व्हिडिओंनी भरला असेल तर पेजिंग फाइल वाढणार कुठे?

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’वर ‘कमिटेड’ असे दोन आकडे दिसतात. पहिला दुसऱ्याला भिडत आला, की लगेच सेव्ह करून बाकीचं बंद करावं.

कधी दोष ड्रॉइंगचाच असतो. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये न वापरलेले ब्लॉक, लेयर आणि एकावर एक पडलेल्या रेषा असतात. ‘पर्ज’, ‘ऑडिट’ आणि ‘ओव्हरकिल’ या कमांड दिल्या की फाइल हलकी होऊ शकते. त्याआधी एक कॉपी काढून ठेवावी.

आणि काम गेलंच असेल, तर ऑटोकॅड पुन्हा उघडल्यावर येणारी ‘ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर’ची खिडकी घाईनं बंद करू नये. ऑटोसेव्ह मुळात दर १० मिनिटांवर असतं. त्या फाइलची कॉपी काढून शेवटचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी केलं, की ती साध्या ड्रॉइंगसारखी उघडते.