पंधरा मिनिटांची किल्ली

क्लाउडवरच्या डेटाबेसची देखभाल करणाऱ्याला मिळणारे लॉगिन दोन प्रकारचे असते. एक कोणी बदलेपर्यंत चालते. दुसऱ्याची मुदत ते देतानाच ठरलेली असते: पंधरा मिनिटे, एक तास किंवा बारा तास. 2024 मध्ये घात केला तो पहिल्या प्रकाराने. स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेस सेवेच्या ग्राहकांची खाती चोरांनी उघडली आणि सुमारे 165 संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. तपास करणाऱ्या मँडियंट या सुरक्षा कंपनीला स्नोफ्लेकच्या यंत्रणेत भगदाड सापडले नाही. चोरांकडे खरे पासवर्ड होते. माहिती चोरणाऱ्या व्हायरसने ते संगणकांतून उचलले होते, आणि त्या चोऱ्यांतली सर्वांत जुनी नोव्हेंबर 2020 ची होती. जे चोरीला गेले ते वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले, शिवाय त्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही नव्हती. मुदतीचे लॉगिन देण्याचे तंत्र तोवर जुने झाले होते. हे नुकसान टाळता येण्याजोगे होते, म्हणूनच ते अधिक लागते.

कल्पना तर त्याहूनही जुनी. एमआयटीच्या अथीना प्रकल्पात 1980 च्या दशकात घडलेली कर्बेरॉस पद्धत काही तासांनी बाद होणारे तिकीट देत असे. डेटाबेसच्या जगाने मात्र तिकडे फारसे पाहिले नाही. ओरॅकलचे 'स्कॉट' हे खाते आणि त्याचा 'टायगर' हा पासवर्ड शिकाऊ मुलांनाही पाठ असे. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचे सर्वाधिकारी 'एसए' खाते अनेक ठिकाणी पासवर्डविनाच चालू होते, आणि मे 2002 मध्ये स्पायडा नावाचा वर्म त्याच वाटेने पसरला. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही. सर्व्हर आपल्याच इमारतीत, कुलपाच्या खोलीत असल्यामुळे पुष्कळसा निष्काळजीपणा पचत होता.

या गोष्टीचा खरा काळ 2009 ते 2019 हा. ऑक्टोबर 2009 मध्ये ॲमेझॉनने आरडीएस ही क्लाउडवरच्या डेटाबेसची सेवा आणली. डेटाबेस तयार करताना ती 'मास्टर युजर'चे नाव आणि पासवर्ड मागे. खोली गेली, कुलूप गेले, पण पासवर्ड जुन्याच सवयीने ठेवला जाऊ लागला. त्याच्या वर आणखी एक दार आले: क्लाउडच्या नियंत्रण पटलाचे. तिथली ॲक्सेस की हाती असली की डेटाबेसमध्ये न शिरताही तो बॅकअपसकट पुसता येतो. जून 2014 मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या पटलाचा ताबा हल्लेखोराने घेतला, यंत्रे आणि बॅकअप पुसले, आणि कंपनीला धंदा बंद करावा लागला. उबरच्या 2016 च्या चोरीत चोरांना गिटहबवरच्या कोडमध्ये की सापडली आणि 5.7 कोटी लोकांची माहिती गेली.

या वरच्या दाराला मुदतीच्या किल्ल्या लवकर मिळाल्या. ॲमेझॉनची तात्पुरते टोकन देणारी एसटीएस सेवा 2011 ची. जून 2012 पासून सर्व्हरलाच 'रोल', म्हणजे ठरावीक अधिकारांचा संच, देता येऊ लागला, म्हणजे कोडमध्ये की लिहिण्याची गरज उरली नाही. जाणकाराला की पाहताच फरक कळे: 'एकेआयए'ने सुरू होणारी कायमची, 'एएसआयए'ने सुरू होणारी तात्पुरती. आतले दार, म्हणजे खुद्द डेटाबेसचे लॉगिन, मात्र एप्रिल 2017 पर्यंत बहुतांशी पासवर्डवरच राहिले. बाहेर तासाभराची किल्ली आणि आत चार वर्षांचा पासवर्ड, अशी ही विसंगती. तिच्यातून वाट काढली ती 2015 मध्ये आलेल्या हॅशिकॉर्पच्या व्हॉल्टने. मागणी आली की ते डेटाबेसमध्ये नवा युजर तयार करी आणि मुदत संपली की तो काढून टाकी.

त्या वर्षांत बहुतेक कंपन्यांनी निवडलेला उपाय वेगळा होता: दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला. या नियमाने डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, मंडळींचे जे हाल केले त्याची नोंद व्हायलाच हवी. पासवर्ड बदलला की त्यावर चालणारी ॲप्लिकेशन्स रात्री बंद करून पुन्हा सुरू करावी लागत. त्यातले एखादे विसरले की पहाटे फोन. मग जुन्याच पासवर्डच्या शेपटीचा आकडा तेवढा बदलायचा, ही पळवाट सर्वत्र रुळली. पुण्या-मुंबईतून परदेशी ग्राहकांचे डेटाबेस चोवीस तास सांभाळणाऱ्या टीममध्ये तर मास्टर पासवर्ड एका शिफ्टकडून दुसरीकडे जाई. लॉगमध्ये दिसे फक्त 'ॲडमिन'. हात कोणाचा, ते नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने जून 2017 मध्ये सांगितले की चोरीचा पुरावा नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये. तोवर त्या नियमापायी असंख्य रात्री वाया गेल्या होत्या.

एप्रिल 2017 मध्ये आरडीएसच्या मायएसक्यूएलला जी सोय मिळाली ती साधी आणि सुंदर आहे. देखभाल करणारा आपल्या रोलच्या सहीने एक टोकन बनवतो आणि पासवर्डच्या जागी ते देतो. टोकन पंधरा मिनिटे चालते, जोडणी कूटबद्धच असावी लागते, आणि डेटाबेसमध्ये चोरण्यासारखा पासवर्ड साठवलेला नसतो.

पण मुदत कमी म्हणजे अधिकारही कमी, असे नव्हे. 2019 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडवर असलेल्या कॅपिटल वन या बँकेतून अमेरिकेतील सुमारे 10 कोटी आणि कॅनडातील सुमारे 60 लाख लोकांची माहिती गेली, ती तात्पुरत्या किल्लीनेच. सर्व्हरला रोलची किल्ली पुरवणारी अंतर्गत सेवा फसवून ती मिळवली गेली, आणि त्या रोलला गरजेपेक्षा कितीतरी जास्त फायली वाचता येत होत्या. त्या नोव्हेंबरात ॲमेझॉनने त्या अंतर्गत सेवेची अधिक कडक आवृत्ती आणली. रोल किती रुंद ठेवायचा, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे राहिले.

या बदलात एक गोष्ट हरवली. पूर्वी ॲक्सेस मागायला डीबीएकडे जावे लागे आणि तो तीन प्रश्न विचारी: कशासाठी, कोणत्या टेबलवर, किती वेळ? आता मागणीचा फॉर्म असतो. टेबलांची माहिती नसलेला मॅनेजर तो एका क्लिकने मंजूर करतो, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्र देते. पहिले दोन प्रश्न विचारणारा माणूसच त्या वाटेवर उरलेला नाही. मुदत संपली की तीच मागणी पुन्हा, तोच क्लिक पुन्हा. रोज नव्याने मिळणारी ही तात्पुरती किल्ली व्यवहारात कायमचीच होते.

नंतरची वर्षे प्रसाराची. गूगलच्या क्लाउडवरही डेटाबेसला टोकनने लॉगिन करता येऊ लागले. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत 180 दिवसांचे लॉग राखणे आणि सायबर घटना 6 तासांत कळवणे बंधनकारक केले. त्या सहा तासांत 'कोण आत होते' हे सांगायचे तर टोकन व्यक्तीच्या नावावर हवे. दहा जण एकाच डेटाबेस युजरने शिरत असतील, तर डेटाबेसचा लॉग जुन्या 'ॲडमिन'इतकाच मुका राहतो.

दोन गाठी अजून सुटलेल्या नाहीत. ओळख पटवणारी सेवाच बंद पडली तर टोकन मिळत नाही. म्हणून एक 'ब्रेक ग्लास' खाते लागते, दीर्घ पासवर्डचे, दोघांच्या संमतीने उघडायचे आणि वापरताच बदलायचे. दुसरी गाठ चालू जोडणीची. टोकनची मुदत तपासली जाते ती आत शिरताना. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पासवर्डला मुदतीची 'व्हॅलिड अन्टिल' ही अट लावली तरी तसेच होते. आधी उघडलेली जोडणी मुदतीनंतरही चालू राहते आणि ती तोडण्याचा आदेश वेगळा द्यावा लागतो.