आधी ट्रान्सॅक्सल, मग इंजिन

१९६४ च्या जूनमध्ये फोर्डने ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तीन जीटी४० गाड्या उतरवल्या. एक आगीमुळे बाद झाली, उरलेल्या दोन गिअरबॉक्सने दगा दिल्यामुळे. इंजिन ४.२ लिटरचं व्ही-८ होतं आणि त्याच्या मागे इटलीच्या कोलोट्टीचा चार गिअरांचा ट्रान्सॅक्सल. फोर्डकडे पैसा मुबलक होता, पण त्या इंजिनाचा जोर चोवीस तास पेलणारा ट्रान्सॅक्सल नव्हता.

आज ब्रिटन-अमेरिकेत हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये जीटी४० च्या प्रतिकृती बांधतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. (ब्रिटनमध्ये अशा गाडीची रीतसर तपासणी होऊन ती रस्त्यावर येऊ शकते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणी झालेल्या गाडीची मूळ घडण अशी बदलता येत नाही.)

जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागच्या एक्सलमध्ये आणि दोघांना जोडणारा लांब प्रोपेलर शाफ्ट. जीटी४० प्रमाणे इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे नेलं की या शाफ्टला जागाच उरत नाही. मग गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात घालावे लागतात. तोच ट्रान्सॅक्सल.

बहुतेक जण आधी इंजिन घेतात. ते स्वस्त मिळतं, त्याच्या आवाजाची ओढही असते. माझ्या मते इथेच हिशेब चुकतो. अमेरिकी व्ही-८ इंजिनं ढिगाने मिळतात, त्यांचा पीळ (टॉर्क) सोसणारे ट्रान्सॅक्सल मोजकेच. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ अनेक पटींनी वाढतो. डिफरन्शियलचं छोटं दातेरी चाक (पिनियन) आणि मोठं (क्राउन व्हील) एकमेकांना दूर ढकलू लागतात, आणि कवच लवचिक असेल तर दातांची पकड बिघडते. रुंद, चिकट टायर घातले तर धोका आणखी वाढतो, कारण चाक घसरून धक्का सोडून देत नाही. तो सगळा दातांवर येतो.

दुसरी बाब दिशेची. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे असतं. तिचा ट्रान्सॅक्सल उलटा फिरवून इंजिनामागे लावला, तर चाकं उलटी फिरतील. क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं किंवा अख्खा डबा पालथा घालावा लागतो. १९६६ च्या लोटस युरोपा या गाडीत हेच करावं लागलं. रेनॉ १६ मध्ये गिअरबॉक्स पुढे आणि इंजिन त्याच्या मागे होतं. लोटसने ती जोडी फिरवून मागे बसवली आणि क्राउन व्हीलची बाजू बदलली. नाहीतर गाडीला चार रिव्हर्स गिअर आणि पुढे जायला एकच मिळाला असता! ऑडीच्या उभ्या मांडणीत इंजिन एक्सलच्या पुढे आणि गिअरबॉक्स मागे असल्याने ही कटकट नाही. रेनॉ २५ च्या यूएन१ ट्रान्सॅक्सलचंही तसंच. म्हणूनच प्रतिकृतीवाल्यांना तो परवडतो, मात्र त्याच्याशी व्ही-८ जोडायचं तर पाय हलका हवा. पोर्शेचा जी५० अधिक दणकट आणि अधिक महाग. नंतरच्या मूळ जीटी४० मध्ये असलेला जर्मन झेडएफ घेतला तर अस्सलपणाचीही किंमत मोजावी लागते.

गिअरांचं गणित मात्र कागदावरच करून घ्यावं. चाकाचा परीघ २ मीटर, क्राउन-पिनियन ३.९ आणि पाचवा गिअर ०.९५ असेल, तर ३,००० फेऱ्यांना ताशी सुमारे ९७ किलोमीटर. तोच गिअर ०.७५ असेल तर १२३. छोट्या, वेगाने फिरणाऱ्या इंजिनासाठी बनलेला डबा व्ही-८ ला लावला की पहिला गिअर क्षणात संपतो आणि महामार्गावर इंजिन विनाकारण ओरडत राहतं.

आता पैसे. डब्याची किंमत ही एकूण खर्चाच्या निम्मीच समजा, निदान मी तरी तसंच धरेन. इंजिनाला जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट आणि बेलहाउसिंग, इंजिनाच्या मापाची पण गिअरबॉक्सच्या खाचांची क्लच प्लेट, पायलट बेअरिंग, स्टार्टर, दोन्ही टोकांना वेगळे जॉइंट लागणारे ड्राइव्ह शाफ्ट, गिअर बदलायच्या केबल, आणि लेथवाल्याची मजुरी. फ्लायव्हीलचा व्यासही आधी मोजा. तो मोठा असेल तर इंजिन वर उचलावं लागतं आणि बुटक्या गाडीचं वजन उंचावर जातं.

जुना डबा घ्यायला जाल तेव्हा आधी तेलाचा नट काढायला सांगा. नटाच्या चुंबकावर राखाडी गाळ असेल तर चालेल, पण धातूचे कण बोटाला टोचले तर डबा उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. क्राउन व्हील आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, आणि उत्पादन थांबलेल्या डब्यासाठी ती जोडी शोधण्यात महिने जातात.