वेशीवरची दिल्ली

देहूरोडला केंद्र सरकार बघायला दिल्लीला जावं लागत नाही. पुणे-लोणावळा लोकलमधून उतरायचं, चालू लागायचं. तारेचं कुंपण आणि त्यावरची 'प्रवेश निषिद्ध' ही पाटी दिसली की आलं सरकार. शेजारच्या देहूत परवापरवापर्यंत ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. पलीकडे निगडीत महापालिका. मधल्या आमच्या पट्ट्यात मात्र घरावर पत्रा टाकण्यापासून जन्माच्या दाखल्यापर्यंत सगळं कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, आणि बोर्ड संरक्षण मंत्रालयाकडे. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी. किन्हई, चिंचोली, झेंडेमळा, शेलारवाडी, मामुर्डी ही शेतीवाडीची गावंसुद्धा याच हद्दीत. इतर खेड्यांत राष्ट्रीय राजकारण ही संध्याकाळी पारावर बसून बोलायची गोष्ट असेल. आमच्याकडे ती घरादाराची गोष्ट आहे.

मी या पट्ट्यातला शेतकऱ्याचा मुलगा. घरात तुळशीची माळ आणि आषाढीची वारी. पुरोगामी हा शब्द मी फार उशिरा ऐकला. त्याआधी एक प्रश्न ऐकला होता. गावातली म्हातारी माणसं कुठल्याही सरकारी कामाची बातमी आली की विचारायची, "आपल्याला कुणी इचारलं व्हतं का?" आज सत्तरीकडे झुकताना मागे वळून बघतो तेव्हा सरकारं मोजायला मला यापेक्षा चांगलं माप सापडलेलं नाही.

या प्रश्नाची मुळं इथल्या दारूगोळ्याच्या डेपोच्याही आधीची आहेत. आमच्या शेजारच्या मुळशीत 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे शेतकरी उभे राहिले, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहांत जगातला हा अगदी पहिल्यांपैकी एक. शाळेच्या पुस्तकात त्याची ओळ-दोन ओळींत वासलात लागते. पण आतली गोष्ट बोचरी आहे. कंपनी स्वदेशी, वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी, आणि देशाची प्रगती म्हणून शहरातले अनेक राष्ट्रवादी तिच्या बाजूचे. जमिनीचे कागद ज्यांच्याकडे होते त्या पुण्यातल्या सावकारांपैकी पुष्कळांना भरपाई मिळाली की पुरे होतं. कसणारं कूळ उघडं पडलं. 1924 पर्यंत लढा विझला आणि गावं पाण्याखाली गेली. राष्ट्र आणि रयत एका बाजूला असतीलच असं नाही, हे मावळाला स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षं आधी कळलं होतं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि इंग्रजांनी देहूरोडला दारूगोळ्याचं कोठार उभारलं. डोंगराच्या पायथ्याची, रेल्वेला लागून असलेली जागा त्यांना सोयीची. त्यांनी रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ते परके होते आणि लढाई चालू होती. डेपोनं एक गोष्ट मात्र अशी केली की जी कुणी योजलेली नव्हती. गावकीत बलुत्यासाठी हात पसरणाऱ्या माणसाला दर महिन्याला रोख पगार मिळू लागला. सातारा, सोलापूर, मराठवाडा, पार आंध्र आणि तमिळ मुलखातून माणसं आली. एकाच चाळीत चार भाषा. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्या हातात हजेरीचा बिल्ला आला. पाटलाची मर्जी लागेनाशी झाली. याच माणसांनी पै पै जमवून बुद्धविहार बांधला.

25 डिसेंबर 1954. या तारखेपाशी मला थांबावंच लागतं. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनची. त्याच महिन्यात ते ब्रह्मदेशातल्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते, प्रकृती ढासळलेली होती. आणि त्यांचं राजकीय चित्र काय होतं? हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून 1951 मध्ये मंत्रिपद सोडलेलं. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत पराभव. त्याच 1954 च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव. ज्यानं देशाला प्रौढ मताधिकाराची घटना लिहून दिली, त्याला त्याच मतपेटीनं दोनदा नाकारलेलं. म्हणून त्यानं मतपेटीला दूषण दिलं का? नाही. तो एका डेपोच्या वस्तीत आला आणि मजुरांशी बुद्धाबद्दल बोलला. पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्धच, आणि हे आपण लिहून सिद्ध करणार आहोत, असंही त्यांनी तिथं सांगितलं. ते पुस्तक पुरं व्हायचं राहिलं. दोनच वर्षांत, 6 डिसेंबर 1956 ला ते गेले. नागपूरची दीक्षा त्याआधी जेमतेम आठ आठवडे.

माळकरी घरातल्या मला विठोबाबद्दलचं त्यांचं म्हणणं पहिल्यांदा झोंबलं होतं. इतिहास म्हणून ते टिकतं की नाही हे अभ्यासकांनी ठरवावं. मला नंतर उमगलं ते असं की, तुकोबांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून हा माणूस इथल्या देवाला टाकून देत नव्हता, त्यावरचा आपला हक्क सांगत होता. 1927 साली याच तारखेला त्यांनी महाडला मनुस्मृती जाळली होती. दर 25 डिसेंबरला देहूरोडला माणसांची रीघ लागते. वडिलांनी मला तिथं नेलं नाही, मी मित्रांबरोबर गेलो, आणि राजकारणाचं माझं शिक्षण तिथल्या पुस्तकांच्या पथाऱ्यांवर सुरू झालं. पहिलं पुस्तक घेतलं ते जोतिराव फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड', 1883 साली पुरं झालेलं. कुणब्याच्या पोराला त्याच्याच घरची गोष्ट विहाराच्या दारात मिळाली.

खेड्यातल्या माणसानं देशाच्या कारभारावर मत द्यावं हे आपल्याकडे नवं नाही, आणि ते शहरातून उसनं आणलेलंही नाही. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये 'दीनबंधु' हे वृत्तपत्र काढलं. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील नगर जिल्ह्यातल्या तरवडीला दत्तक गेले आणि 1910 पासून 'दीनमित्र' चालवू लागले. 1967 साली मृत्यू येईपर्यंत ते त्याचे संपादक होते. टिळकयुगाचा शेवट, गांधीयुग, दोन महायुद्धं, फाळणी, संयुक्त महाराष्ट्र हे सगळं त्यांनी एका आडगावातून न्याहाळलं. सावकार आणि भिक्षुक यांच्याविरुद्ध जितकं परखड, तितकंच सरकारविरुद्धही. वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात त्यांना पानभर जागाही मोठ्या मुश्किलीनं मिळते याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्वराज्य आलं तर ते कुणाचं, हा सत्यशोधकांचा प्रश्न त्या काळी देशद्रोह समजला गेला. आज वाचताना तो देशावरच्या मायेतूनच विचारलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर आमच्याकडे विचारलं जाऊ लागलं का? थोडं. बोर्डावर लोकांनी निवडलेले सदस्य बसू लागले, उपाध्यक्ष त्यांच्यातला. पण कायदा 1924 चा, इंग्रजांचाच. तो बदलायला 2006 उजाडलं. त्याच सुमारास दुसरं संकट गडद झालं, ते म्हणजे रेड झोन. दारूगोळ्याच्या कोठारापासून 2000 यार्डांच्या आत बांधकाम नको, असा नियम. त्याचा आधार 1903 चा संरक्षण कामांचा कायदा. पावणेदोन किलोमीटरहून मोठ्या त्रिज्येच्या या वर्तुळात निगडी, तळवडे, चिखली, किवळे, रावेत, देहू यांच्या वस्त्या सापडल्या. सुरक्षिततेचं कारण खरं आहे. दारूगोळा म्हणजे काही गवताची गंजी नव्हे. पण माणसं कुठं आणि कशी राहणार याचा आराखडा आधी, आणि बंदी नंतर, असा क्रम कधी झाला नाही. बँक कर्ज देत नाही, घर नावावर होत नाही, आणि दर निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा उमेदवार "रेड झोनची हद्द कमी करतो" म्हणतो. पक्ष बदलले, वाक्य तेच आहे.

शेतीचं राजकारण मला चाकणनं शिकवलं. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून शरद जोशींनी खेड तालुक्यात आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, कांद्याचा हिशेब मांडला, आणि 9 ऑगस्ट 1979 ला शेतकरी संघटना उभी राहिली. शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, सरकार धोरण म्हणून त्याच्या मालाचा भाव पाडतं, हे त्यांनी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं की आमच्या गावातले घाबरट म्हातारेसुद्धा चाकणच्या रस्त्यावर जाऊन बसले. त्यांचं ऋण मी विसरणार नाही. 1986 ला चांदवडला लाखाच्या संख्येत बाया जमल्या, बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती निघाली; हे काम एकट्या संघटनेचं. तरी शेतमजुराच्या पानात काय पडतं याचं उत्तर त्यांच्या मांडणीत मला कधी पुरेसं मिळालं नाही, आणि बाजार मोकळा झाला की सगळं आपोआप मार्गी लागेल यावर माझा विश्वास बसला नाही. 2020 साली तीन शेती कायदे आले तेव्हा संघटनेच्या परंपरेतले काही जुने सहकारी त्यांच्या बाजूनं बोलले. मी वेगळ्याच जागी अडलो. कायद्यातली कलमं चांगली की वाईट हे नंतर बघू. महामारीच्या काळात आधी वटहुकूम आणि मग घाईचं मतदान, यात इचारलं कुणाला? वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. आधी विचारायला याहून कमी वेळ लागला असता.

आता दुसरा 9 ऑगस्ट. साल 2011. पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं, त्यात गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा हिशेब तेव्हाही मिटलेला नव्हता आणि अजूनही पुरता मिटलेला नाही. धरणाचं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्याशी यायचं आणि तिथून पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जायचं. ते आता धरणापासून बंद जलवाहिनीनं न्यायचं, असा प्रकल्प केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत बसवला गेला. शहराच्या दृष्टीनं गळती कमी, पाणी स्वच्छ. नदीकाठच्या मावळकराच्या दृष्टीनं मात्र नदी आटणार, विहिरी आटणार, मोटारी उघड्या पडणार. क्रांतिदिनी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन माणसं मेली, त्यांत एक बाई.

त्या संध्याकाळची लोकल मला आठवते. डबा भरलेला आणि कुणीच बोलत नव्हतं. माझ्यासमोर बसलेला एक डेपोतला कामगार एवढंच म्हणाला, "आमच्या कोठारातल्या गोळ्या सीमेवर जातात असं वाटायचं." तो कुठल्या पक्षाचा होता मला माहीत नाही. राज्यात तेव्हा काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, केंद्रातही. मी त्या आघाडीला मत दिलेला माणूस. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांच्या कारकिर्दीत हे झालं, हे लपवून मला पुढचं काहीही बोलता येणार नाही. प्रकल्प थांबला. 2023 मध्ये दुसऱ्या सरकारनं त्यावरची स्थगिती उठवली, आणि गावागावांत पुन्हा तोच प्रश्न उठला.

मी धरणांच्या विरोधातला नाही, हेही नोंदवतो. बाबासाहेब स्वतः 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात असताना दामोदर आणि हिराकूडच्या योजनांच्या पायाभरणीत होते. पाणी साठवावं, वीज करावी, शहरालाही पाजावं. फक्त ज्याच्या शेतातून नळ जाणार त्याच्या ओसरीवर अधिकाऱ्यानं आधी येऊन बसावं. चहा आम्ही पाजू.

हे माप मी आमच्याच गावाला लावलं तेव्हा मान खाली गेली. बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या बैठकांत पुढच्या सतरंजीवर बागायतदार, मागे कडेला कातकरी. बायका दारात उभ्या. पाण्यावाचून आधी कुणाचे हाल होणार होते? त्या बायकांना कुणी बोलायला सांगितलं नाही. मीही नाही.

अलीकडची काही वर्षं सांगून थांबतो. 1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या आयुधनिर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. देहूरोडची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. कामगार संघटनांचा विरोध होता. त्याआधी जूनमध्ये संप रोखण्याचा वटहुकूम निघाला. कॅन्टोन्मेंट बोर्डाची निवडणूक 2015 नंतर झालेली नाही. वाढवून दिलेली मुदत 2021 मध्ये संपली. 2023 च्या फेब्रुवारीत देशभरातल्या 57 कॅन्टोन्मेंटच्या निवडणुका 30 एप्रिलला होतील असं जाहीर झालं, गल्लोगल्ली इच्छुकांचे फ्लेक्स लागले, आणि मार्चमध्ये अधिसूचना मागे घेतली गेली. नागरी भाग शेजारच्या पालिकांत विलीन करायचा विचार आहे, हे त्यामागचं कारण. विलीनीकरण कदाचित आमच्या भल्याचंही असेल. मी त्याच्या बाजूचाच आहे. पण सात वॉर्डांच्या सात खुर्च्या रिकाम्या पडल्या, आणि लोकांचा म्हणून एक नागरी सदस्य बोर्डावर आला तो वरून नेमलेला.

गेल्या आषाढी वारीला तुकोबांची पालखी देहूतून निघाली. पहिला विसावा नेहमीप्रमाणे अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी, तिथं अभंग-आरती, मग चिंचोलीच्या पादुका. आम्ही रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप लावून उभे होतो. एक मराठवाड्याकडची म्हातारी वारकरीण पाणी पिऊन झाल्यावर समोरच्या तुंबलेल्या गटाराकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, हितला सरपंच कोण हाय?"

"मावशी, इथं सरपंच नसतो."

"मंग नगरसेवक?"

"तोही सध्या कुणी नाही."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग तांब्या विसळून माझ्या हातात दिला, डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरलं आणि दिंडीत मिसळून गेली.