हॉस्पिस : असाध्य आजारातील शुश्रूषेचे स्वरूप व कुटुंबाची भूमिका

प्रस्तावना :

कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाच्या नातेवाइकांना रुग्णालयातून निघताना बहुधा एकच वाक्य ऐकावयास मिळते : 'आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी घेऊन जा.' वैद्यकीय दृष्ट्या हे वाक्य अपुरे आहे. आजार बरा करण्याचे उपाय संपलेले असतात; परंतु वेदना, धाप, मळमळ, शय्याव्रण, निद्रानाश आणि भीती यांवरील उपाय याच टप्प्यावर अधिक नेटाने करावे लागतात. हे उपाय करणारी व्यवस्था म्हणजे हॉस्पिस होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा उपशामक सेवेची गरज असणाऱ्यांपैकी जगभरात केवळ सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते. प्रस्तुत लेखात या सेवेचे स्वरूप, तसेच मॉर्फिनविषयीची भीती व रुग्णापासून सत्य लपविण्याची प्रथा या तिच्या आड येणाऱ्या दोन गोष्टींचा विचार केला आहे.

संकल्पना व उगम :

हॉस्पिस हा शब्द मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंच्या विसाव्याच्या जागेसाठी वापरला जाई. आपल्याकडील धर्मशाळेशी त्याचे नाते जवळचे आहे. मात्र साम्य नावापुरतेच आहे. मुंबईत दादर येथील गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण उतरतात; हॉस्पिसमध्ये मात्र रोगनिवारक उपचार थांबलेले रुग्ण येतात.

आधुनिक हॉस्पिसचा पाया डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापून घातला. त्या आधी परिचारिका, नंतर रुग्णालयीन समाजकार्यकर्त्या आणि शेवटी डॉक्टर झाल्या. मरणासन्न रुग्णाची वेदना एकाच वेळी शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक असते, ही त्यांची 'समग्र वेदने'ची कल्पना या तिन्ही भूमिकांच्या अनुभवातून आली असावी असे मानण्यास जागा आहे. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने सुरू झाले. गोव्यात लोटली येथेही या संस्थेचे केंद्र आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला उपशामक सेवा केंद्र कार्यरत आहे. या दोन्ही संस्थांत रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही.

उपशामक सेवा ही निदानापासून, मुख्य उपचारांच्या बरोबरीने देता येते. हॉस्पिस हा तिचा अखेरचा टप्पा होय. हॉस्पिस म्हणजे इमारतच असते असेही नाही. घरी येणारी परिचारिका, डॉक्टर व समाजकार्यकर्ता यांच्या साहाय्याने हीच शुश्रूषा घरच्या खाटेवरही होऊ शकते.

वेदना आणि मॉर्फिन :

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगातील वेदनेसाठी तीन पायऱ्यांची औषधयोजना मांडली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. हे औषध वेदना उसळल्यावर द्यावयाचे नसून ती उसळू नये म्हणून घड्याळाप्रमाणे, साध्या गोळीच्या बाबतीत सामान्यतः दर चार तासांनी, द्यावयाचे असते. 'अगदीच असह्य झाले तर देऊ' असे म्हणून गोळी राखून ठेवणारे नातेवाईक नकळत रुग्णाला वेदनेच्या स्वाधीन करतात.

मॉर्फिन सुरू झाले म्हणजे मृत्यू जवळ आला, अथवा रुग्णाला व्यसन जडेल, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. वेदनेच्या प्रमाणात, वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा वाढवीत नेल्यास श्वास मंदावण्याचा धोका अल्प असतो. शरीराला औषधाची सवय होते हे खरे. परंतु ती सवय आणि व्यसनाची ओढ या भिन्न गोष्टी आहेत. रेडिएशनने वेदना कमी झाल्यास मात्राही टप्प्याटप्प्याने कमी करता येते. प्रारंभीचे काही दिवस गुंगी राहते. बद्धकोष्ठता मात्र टिकून राहते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. ही साधी गोष्ट न सांगितल्यामुळे अनेक घरांत औषधच बंद केले जाते.

भीतीला कायद्यानेही खतपाणी घातले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन बाळगण्यासाठी अनेक परवाने घ्यावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सुटसुटीत केली. तरीही ज्या संस्थेने ही मान्यता घेतलेली नाही तेथे गोळी मिळत नाही. म्हणून घरी जाण्यापूर्वीच नातेवाइकांनी याची चौकशी करणे आवश्यक ठरते.

सत्यकथनाचा प्रश्न :

'त्यांना काही सांगू नका, ते खचतील,' अशी विनंती डॉक्टरांना दाराबाहेर गाठून केली जाते. तिच्यामागे प्रेमच असते. प्रत्यक्षात उतरत चाललेले वजन, भेटीस येणाऱ्यांची गर्दी आणि दबलेले आवाज यांवरून रुग्णाला बहुतेक सर्व कळलेले असते. तोही घरच्यांसाठी गप्प राहतो. परिणामी गावच्या घराची वाटणी, अबोला धरलेल्या भावाची भेट, पत्नीच्या नावे करावयाची कागदपत्रे हे सर्व अनुच्चारित राहते. हॉस्पिसमधील समाजकार्यकर्ता थेट निदान जाहीर करीत नाही. 'आजाराबद्दल तुम्हाला काय वाटते?' येथून तो आरंभ करतो आणि रुग्णाला जेवढे जाणून घ्यावयाचे आहे तेवढेच सांगतो. ज्याला जाणून घ्यावयाचे नाही त्याचा तो हक्कही मान्य केला जातो.

अखेरचे दिवस :

अन्न तुटणे हे कुटुंबाला सर्वांत जड जाते. तथापि या अवस्थेत शरीराची अन्नाची गरज घटलेली असते. बळेच भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो आणि सलाईनमुळे सूज व घशातील स्राव वाढू शकतात. ओल्या कापसाने ओठ व जीभ भिजवीत राहावे असे परिचारिका शिकवितात. तुळशीपत्रावरून पाण्याचा थेंब देण्याच्या आपल्या रीतीशी हे सहज जुळते. घरघर लागल्यावर रुग्णाला कुशीवर वळविल्याने स्रावाचा आवाज कमी होतो. बेशुद्धावस्थेतील रुग्णापेक्षा तो ऐकणाऱ्यांनाच अधिक क्लेशकारक असतो, हे नातेवाइकांना आधी सांगून ठेवलेले बरे.

कृत्रिम श्वसनयंत्रासारखे उपाय नकोत असे वाटणाऱ्या व्यक्तीला तसे लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वसूचनापत्रास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये अटी शिथिल केल्या. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन पुरेसे आहे.

मृत्यूनंतरही हॉस्पिसचे पथक काही काळ कुटुंबाच्या संपर्कात राहते. अनेकदा त्या पहिल्या भेटीला निमित्त व्यावहारिकच असते : हवेच्या गादीची परतफेड आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या केंद्रात जमा करणे.