वरळीच्या बीडीडी चाळीत फिरताना

इअरफोन लावलेत ना? मग आज वरळीला चला.

चाळ म्हटलं की लाकडी कठडे आणि गॅलरी डोळ्यांपुढे येते. बीडीडी चाळीत ते शोधू नका. इथे काँक्रीटची इमारत, तळमजला आणि वर तीन मजले. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. एका इमारतीत ८० बिऱ्हाडं!

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात, १९२० साली सुरू झालेलं. कामगारांना घरं द्यायची होती. पैसा कुठून आणला? शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर. ज्या कापसावर कामगार राबायचा, त्यातूनच त्याची खोली. बेत ५०,००० खोल्यांचा होता, झाल्या सुमारे १६,०००. (डेडलाईन आणि स्कोपचं हे गणित आम्हा आयटीवाल्यांना नवीन नाही.) वरळीच्या कित्येक खोल्या तर आधी रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगात सरकारने इथे चक्क तुरुंग केला.

मला हे सगळं वाचून माहीत होतं. तरी बोळात शिरलो आणि पहिली चूक केली, मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. दारं सताड उघडी. कुणी भाजी निवडतंय, एक पोरगा उंबऱ्याबाहेर अभ्यासाला बसलेला. तेव्हा कळलं, हा नुसता जायचा-यायचा रस्ता नाही, प्रत्येक घराची जास्तीची खोली आहे. आणि मी न विचारता तिथे कॅमेरा घेऊन उभा.

"कुणाकडे आलास रे?" एका आजींनी विचारलं. काय सांगणार? "चाळ बघायला," म्हणालो.

"बघून घे. पाडतायत."

खरंच आहे. म्हाडाच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतोय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास, लिफ्ट. यात हळहळण्यासारखं काय आहे, असं आपण बाहेरच्यांनी म्हणायलाही नको आणि "किती छान जुनं होतं" असंही नको. रांगेत बादली घेऊन आपण उभे नव्हतो.

तुम्ही जाल तेव्हा फोन खिशात ठेवा. आधी नमस्कार करा. मी व्हिडिओ तिथेच डिलीट केला, आजींसमोर. त्या म्हणाल्या, "पाणी पितोस का?"